बिनशेतीतली शेती

यंदाच्या पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांत जोमदार पीक आलं ते गोगलगायींचं. मृग कोरडा गेला, आर्द्राने थोडंफार भिजवलं आणि मग तरण्या पावसाने जे धरलं ते म्हाताऱ्यानेही सोडलं नाही. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा म्हणायची आमच्या बेळगाव भागातली रीत. इथला जुलै महिना कॅलेंडरपेक्षा या दोघांच्याच नावाने जास्त ओळखला जातो. बळ्ळारी नाला रिवाजाप्रमाणे फुगला, येळ्ळूर रस्त्याकडेची भातं पाण्यात उभी राहिली आणि आम्ही वीसेक घरं मिळून जिथे भाजी लावतो त्या वाफ्यांत एका रात्रीत मुठीएवढ्या शंखांची फौज उतरली.

ही आपली पूर्वीची गरीब गोगलगाय नव्हे, आफ्रिकेतून आलेली. दिवसा फळीखाली, विटांच्या फटीत, कुंडीच्या बुडाशी चिकटून बसते आणि अंधार पडला की चरायला निघते. यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे अंडी घालायला प्रत्येकच मोकळी, आणि घालते ती एका वेळी शे-दोनशे. पहिल्या रात्री भेंडीची दोन पानांवर आलेली रोपं गेली, दुसऱ्या रात्री दोडक्याचे शेंडे, मग झेंडू. मीठ टाका, असं जो येईल तो सांगायचा. मिठाने गोगलगाय मरते हे खरं, पण तेच मीठ मातीत उतरलं की पुढचं पीकही धड येत नाही. शेवटी जुनाच उपाय केला. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यांमधल्या वाटेवर टाकायची, पहाटे उलटायची, आणि खाली गोळा झालेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडायच्या. उघड्या हाताने त्यांना शिवायचं नाही. मेंदूला अपाय करणारे जंत त्यांच्यात असू शकतात. मुलांना एका गोगलगायीला एक रुपया असा भाव लावून दिला होता. तो आठवडाभरात बंद करावा लागला, कारण मुलं पलीकडच्या गटारातल्याही गोगलगायी आणून मोजायला बसली. खजिनदारकाकांनी त्या पैशांसाठी वहीत वेगळं पान उघडलं होतं. वही बघायला मिळाली तर ते पान जरूर बघा. एवढी काटेकोर जमाखर्चाची नोंद मी बँकेत नोकरी करूनही पाहिली नाही.

आमची जागा म्हणजे वडगावच्या पलीकडे, जिथे एके काळी बासमतीचा वास सुटायचा तिथल्या एका ले-आऊटमधले चार रिकामे प्लॉट. प्रत्येक तीस बाय चाळीसचा. चारही एकाच मालकाचे, आणि मालक राहतात गोव्यात. ‘घर बांधायचं ठरेपर्यंत काँग्रेस गवत माजण्यापेक्षा काही तरी लावा की,’ असं ते एकदा बोलून गेले आणि त्या एका वाक्यावर आमचं मंडळ उभं आहे. करार नाही, भाडं नाही, नोंदणी नाही. नावसुद्धा नाही, नुसतं ‘मंडळ’ म्हटलं की गल्लीतला गणपती समजतात, म्हणून ‘वाफ्यावर जाऊन येते’ एवढंच आम्ही घरी सांगतो. दहा बाय दहाचे वाफे पाडलेत, मधून एक हात रुंदीच्या वाटा, एका कोपऱ्यात जुनी विहीर. उताऱ्यावर ही जमीन बिनशेती आहे.

माझी भाची इंग्लंडात असते. तिथल्या नगरपालिका लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देतात. तिने कितीतरी वर्षं यादीत नाव लावून ठेवलं होतं, तेव्हा कुठे तिला तुकडा मिळाला. तिथे १९०८ सालचा कायदाच आहे. गावातल्या सहा मतदारांनी मिळून मागणी केली तर तिचा विचार करणं नगरपालिकेवर बंधनकारक होतं. या तुकड्याचं जुनं माप दहा पोल. हे पोल प्रकरण काय, म्हणून मी आकडेमोड करत बसले. एकराचे १६० पोल, म्हणजे दहा पोल हा एकराचा सोळावा हिस्सा. आणि एकराचे आपले ४० गुंठे, म्हणजे बरोब्बर अडीच गुंठे! भाचीच्या एकटीच्या वाट्याला अडीच गुंठे, आणि आमचे चार प्लॉट मिळून ४,८०० चौरस फूट, म्हणजे साडेचार गुंठ्यांनाही किंचित कमी. तिकडे दोन कुटुंबांनाही जेवढी पुरत नाही तेवढ्या जागेत आम्ही वीसेक घरं भांडतो आहोत. तिला हे सांगितलं तर म्हणाली, ‘मावशी, भांडणं इथेही तेवढीच असतात, फक्त ती वार्षिक सभेत, लेखी.’

बागकामाने मन शांत होतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्याकडे तसं काही झाल्याचं दिसत नाही. वाफे नव्हते तेव्हा जे लोक एकमेकांना बघून गेटाची कडी लावून घ्यायचे, ते आता पाण्याच्या पाळीवरून तासभर उभ्याने बोलतात. एकमेकांच्या सुना, गुडघे, मुलांचे पगार हे सगळं या भांडणांच्या ओघातच कळलं. माझ्या शेजारच्या वाफ्याच्या बाईंचं आणि माझं, त्यांच्या दुधी भोपळ्याच्या वेलाने माझ्या मिरच्यांवर सावली धरली म्हणून चांगलंच वाजलं होतं. त्या मूळच्या बैलहोंगलकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. भांडताना त्या कन्नडवर जातात आणि मी मराठी सोडत नाही, तरी दोघींना दुसरीचं अक्षर न् अक्षर कळतं. मी आजारी पडले तेव्हा माझ्या वाफ्याला पाणी त्यांनीच घातलं, आणि बरी झाल्यावर ‘तुमच्या मिरच्यांना कीड लागलीय, लक्ष नसतं तुमचं’ असंही त्यांनीच सुनावलं.

भाषेचं म्हणाल तर सूचनाफलकावर वर कुठली भाषा लिहायची हा प्रश्न आमच्याकडेही उभा राहिला होता. बेळगावात तो उभा राहिला नसता तरच नवल. फलकाला दोन बाजू असतात हे कुणाच्या तरी वेळेवर ध्यानात आलं, म्हणून बरं. रस्त्याकडून येणाऱ्याला कन्नड दिसते, विहिरीकडून येणाऱ्याला मराठी. १ नोव्हेंबरला गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी असते, रस्ते बंद होतात, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी चुकणाऱ्याला दंड नाही असा ठराव झालेला आहे. तो एकमताने झाला.

पाळीचा मुद्दा निघालाच आहे तर विहिरीचं सांगते. बेळगावचं पाणी जुन्या काळी विहिरींचंच. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा येणाऱ्या लोकांच्या पाण्यासाठी मुद्दाम विहीर खोदली होती. ती काँग्रेस विहीर अजून आहे, तिच्यावरून रस्त्यालाही नाव पडलं असावं असं लहानपणी वाटायचं. पुढे राकसकोपचं आणि मग हिडकलचं पाणी नळाला आलं आणि घरोघरच्या विहिरी निर्माल्य टाकायच्या जागा झाल्या. आमचीही तशीच होती. बाटल्या, देवांच्या तसबिरी, नारळाच्या शेंड्या, एक सायकलचं चाक. गाळ उपसायला दोन रविवार गेले. गाळावरून मात्र वाद झाला नाही, कारण तो वाफ्यांत टाकायला हवाच होता आणि उचलायला कुणालाच नको होता.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर बसवली, तेव्हा पाणी आधी कुणाला यावर सभा झाली. विहिरीजवळचे म्हणाले, जवळून सुरुवात करा, पाइप कमी लागतो. तात्या इतका वेळ बांधावर बसून होते. ते म्हणाले, ‘शेवटच्या वाफ्यापासनं सुरू करायचं. हिरीजवळच्याला पाणी मिळतंयच की. पहिल्यांदा टोकाच्याला द्या, मग कुणाचं रडगाणं ऱ्हात न्हाई.’ हा नियम कालव्यांवर लागू व्हावा म्हणून मोठमोठे अभियंते कित्येक वर्षं सांगत आले आहेत. आमच्याकडे तो दहा मिनिटांत लागू झाला, कारण तात्यांशी वाद घालायची कुणाची टाप नाही.

तात्यांना तो मान वयामुळे नाही. हा ले-आऊट पडण्याआधी हे शिवार त्यांच्या घराण्याचं होतं. भावाभावांत वाटण्या झाल्या, मग एकाने विकलं, दुसऱ्याच्या वाट्याच्या जमिनीकडे जायला रस्ता उरला नाही म्हणून त्यानेही विकलं, आणि शेवटी तात्यांनीही. त्यात वेगळं काही नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, मच्छे इकडच्या बहुतेक घरांत हीच कहाणी आहे, आणि जे विकत नाहीत ते बायपासच्या रस्त्यासाठी जमीन जाऊ नये म्हणून कोर्टात हेलपाटे घालत आले आहेत. तात्यांनी आलेल्या पैशांत याच ले-आऊटमध्ये घर बांधलं. आता त्यांचा वाफा आहे शंभर चौरस फुटांचा, त्यांच्याच जुन्या सर्व्हे नंबरात. तुम्हाला कसं वाटतं, असं एका पाहुण्याने त्यांना विचारलं होतं. तात्या म्हणाले, ‘काय वाटायचंय? तण काढायला सोपं जातंय.’

कुठल्या वाफ्यात पाणी साचणार हे ते पावसाआधीच सांगतात. आम्हाला तो चमत्कार वाटायचा. त्यांच्या लेखी तिथे पूर्वी भाताची खाचर होती आणि पलीकडे बांध, एवढंच. धूळवाफेवर कुरीने भात पेरायचे, म्हणजे वळवाने जमीन तयार झाली की कोरड्या मातीतच बी टाकून पावसाची वाट बघायची. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा, मोहरी. काळी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे या पिकांना वरून पाणी लागत नाही, थंडीतलं दव पुरतं. आम्ही सगळे ढबू मिरची, नवलकोल, ब्रोकोली असल्या हौशी करत असताना तात्या हिवाळ्यात आपल्या वाफ्यात फक्त मसूर टाकतात. निघते ती एका आमटीपुरती. तीसुद्धा ते स्वतः खात नाहीत, मापट्याने सगळ्यांना वाटतात.

आमचं खरं पंचांग मात्र शेपूवर चालतं. गौरी घरी येतात त्या संध्याकाळी त्यांना शेपूची भाजी आणि भाकरी लागते. दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीपेक्षा या भाजीभाकरीचं महत्त्व आमच्याकडे जास्त. शेपू पेरल्यापासून पस्तीस ते चाळीस दिवसांत काढायला येतो. नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला आणि गौरी भाद्रपदात सप्तमीच्या आसपास, म्हणजे मध्ये साधारण बत्तीस दिवस. नागपंचमीला पेरून चालत नाही, एक तर दिवस कमी पडतात आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी जमीन उकरायची नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्यामुळे शेपू आषाढी अमावास्येच्या आगेमागेच पडायला हवा. पण हे दिवस पावसाच्या ऐन जोराचे! बी वाहून जातं, नाही तर पाण्यात कुजतं. म्हणून वाफा चांगला वीतभर उंच करायचा, बी रेषेत टाकून वर नारळाच्या झावळ्या आडव्या घालायच्या आणि कोंब दिसले की झावळ्या काढायच्या. यंदा ते उघडायचे दिवस आणि गोगलगायींचे दिवस एकच आले. तरीही प्रत्येक घराला एक जुडी पुरेल एवढा शेपू निघाला, आणि गौरीच्या दिवशी संध्याकाळी सगळ्या ले-आऊटमध्ये एकच वास होता. ज्यांना शेपू सोसत नाही अशी बरीच पुरुषमंडळी त्या दिवशी उशिरा घरी येतात.

त्याआधी ऋषिपंचमी. या एका दिवशी आमच्या साडेचार गुंठ्यांची किंमत शहराच्या भाजी मार्केटपेक्षा वाढते. व्रताचा नियम असा की बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. जे नांगराशिवाय, हाताने खणून-लावून आलेलं तेच चालतं. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळी दोडकी, लाल भोपळा, कोवळा मका, सुरण, अंबाडी, सगळं एकत्र करून ऋषीची भाजी होते. आदल्या दिवशी, गणपतीच्या गडबडीतही, पार टिळकवाडीहून बायका आमच्याकडे अळूच्या पानांना येतात. दोन वर्षांमागे आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलाने शंका काढली, ‘आता शेतात बैल आहे कुठे? ट्रॅक्टर असतो. म्हणजे नियमाप्रमाणे बाजारातली कुठलीही भाजी चालेल.’

शंका बिनतोड होती. दोन दिवस ती वाफ्यांवर चघळली गेली. खजिनदारकाकांचं म्हणणं, डिझेल जाळून केलेलं म्हणजे बैलापेक्षा वाईट. कुणी म्हणालं, बैलाला एक दिवस विश्रांती म्हणून हा नियम असणार, आता बैलच नाही तर नियम कशाला? आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजी, खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावच्या, त्यांच्यापर्यंत वाद गेला तेव्हा त्या पाटीत माठ खुडत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवून पिकवलेलं एक दिवस खायचं न्हाई, एवढंच. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला मान हाय की न्हाई?’ इंजिनिअर मुलगा त्या वर्षी अळू धुवायला बसला. मला स्वतःला आजींचं उत्तरही तितकंच सोयीचं वाटतं जितकी त्याची शंका, पण ते मी त्यांच्यासमोर बोलणार नाही.

बियांचा सगळा कारभार याच आजींकडे. वाळूक, दुधी, घोसाळी, पावटा, वरणा, देशी भेंडी, यांचं बी त्या राखेत घोळून ठेवतात, डब्यांवर चिठ्ठी नसते आणि तरी चुकत नाही. आमचा नियम त्यांनीच घालून दिला. बी न्यायचं ते दिडीने परत करायचं, मूठ नेली तर दीड मूठ. पूर्वी सावकार गावागावांत धान्य सवाई-दिडीने द्यायचे आणि त्यात शेतकरी बुडायचा; आमच्याकडे तीच दिडी डबे भरायच्या कामी आली आहे. दिडी फिटली नाही तर आजी काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या वर्षी त्या माणसाला डबा शेवटी दाखवतात. या धाकाने जेवढे लोक वाफ्यावर टिकले तेवढे निसर्गप्रेमाने टिकले नसते असं माझं मत आहे. अर्धी मूठ देणं अंगावर असलं की माणूस दुसऱ्या दिवशी परत येतोच.

गेल्या साली मात्र एक घोटाळा झाला. कुणी तरी दुकानातल्या पाकिटातली संकरित भेंडी लावली आणि तिचंच बी दिडीत भरलं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत ते एकसारखं येत नाही. यंदा एका ओळीत एक झाड कमरेएवढं, एक डोक्याच्या वर, एकाच्या भेंड्या पाच धारांच्या आणि एकाच्या आठ. कुणी भरलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोललं कुणीच नाही. त्याहून गंभीर म्हणजे एका वेलाचे दुधी कडू निघाले. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं, शिजवून ते जात नाही. असला रस पिऊन माणसं दगावल्यावर २०११ साली देशाच्या वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने कडू लागला तर दुधी मुळीच घेऊ नका असं बजावलं होतं. त्यामुळे दुधी चिरताना आधी जिभेवर एक कण ठेवायचा, कडू लागला की थुंकायचा, हा आमच्याकडचा दंडक. तो वेल मुळासकट उपटला, त्याचं बी कुठल्याही डब्यात गेलं नाही. वेल अक्कांचा होता. उपटताना त्या पाठ करून उभ्या होत्या, आणि माझ्या मिरच्यांना त्या दिवसापासून ऊन मिळायला लागलं.

भाद्रपद सरला की आमची माती जायला लागते. आधी घटस्थापना. घटाखाली धान्य पेरायला काळी माती लागते आणि फ्लॅटमधल्या लोकांना ती मिळणार कुठे, म्हणून आदल्या दिवशी पिशव्या घेऊन रांग. मग दिवाळीचे किल्ले. बेळगावात गल्लोगल्ली मुलं किल्ले करतात, त्यासाठी माती, दगड, शिवाय तटाखालच्या उतारावर हिरवळ दिसावी म्हणून टाकायला मोहरी आणि अळीव, सगळं आमच्याकडून. खजिनदारकाकांनी एका वर्षी घमेल्यामागे पाच रुपये ठेवले होते. मुलांनी ते दिले, आणि त्या वर्षी आमच्या फाटकाशेजारच्या किल्ल्यावर, मावळ्यांच्या रांगेत, हातात वही घेतलेला एक चष्मेवाला मातीचा माणूस बसवला होता. दुसऱ्या वर्षीपासून माती फुकट. तुळशीच्या लग्नानंतर किल्ले मोडतात तेव्हा ती परत आणून टाकायची एवढीच अट. येते निम्मी, तीही रंगीत खडे मिसळलेली.

या दोन्हींच्या मध्ये कोजागरी येते, तीच अक्कांकडची शीगी हुण्णिमे. त्यांच्या माहेरी या पौर्णिमेला भरल्या पिकाची पूजा करतात. जमीन गरोदर आहे असं मानायचं, तिची ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे, आणि नैवेद्याचा काही भाग शेतभर शिंपडायचा, त्याला चरग म्हणतात. अक्का सकाळी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची पोळी, एणगाई म्हणजे भरलं वांगं, दही-भात असं सगळं घेऊन आल्या. पाच खडे मांडून पांडव केले, आणि मग चारही प्लॉटवर फिरून प्रत्येकाच्या वाफ्यात घास टाकला. माझ्याही. माझ्या वाफ्यात तेव्हा फक्त कोथिंबीर होती आणि तीही विरळ. तात्या टोपी काढून मागोमाग चालत होते. पूर्वी त्यांच्याकडेही ही पूजा व्हायची, असं त्यांनी वाटेत सांगितलं, आणि खाचरीचा बांध जिथे होता तिथे एक घास जास्त टाकायला लावला. रात्री तिथेच मसाला दूध झालं. दुधाचा खर्च वर्गणीतून, बदाम खजिनदारकाकांच्या खिशातून. हे त्यांनी वहीत लिहिलेलं नाही, मी डोकावून बघितलं.

आणि आता या हंगामाची खरी बातमी. दसऱ्यानंतर मालक मुलाला घेऊन आले होते. बरोबर एक माणूस, हातात टेप. त्यांनी चारही प्लॉट मोजले, कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा केल्या, वांगी बघून खूश झाले, पिशवीभर घेऊनही गेले. काही बोलले नाहीत. विचारायचं कुणी, यावरच आमची पहिली सभा संपली. दुसऱ्या सभेत खजिनदारकाकांनी फोन केला. मालक म्हणाले, मुलगा बघतोय, बहुतेक संक्रांतीनंतर, नक्की काही नाही, तोपर्यंत तुमचं चालू द्या की.

तेव्हापासून आमच्याकडे काय पेरायचं यावर जी चर्चा चालू आहे ती सगळी दिवसांची आहे. मेथी पंचवीस-तीस दिवसांत निघते, मुळा चाळीस-पंचेचाळीस, नवलकोल दोन महिने. गाजर तीन महिन्यांचं; भोगीच्या भाजीत आपल्या वाफ्यातलं गाजर हवं असेल तर ते पडायला हवं होतं आधीच, आणि ज्यांनी टाकलं ते आता इतरांकडे जरा वरून बघतात. पावटा आणि वरणा भोगीपर्यंत येतील, तेवढा विश्वास मालकांवर सगळ्यांचा आहे. खरा वाद लसणावर. लसूण चार-साडेचार महिने जमीन अडवून बसतो, तो निघेल मार्चमध्ये. लावावा तर घर सुरू झालं की जेसीबीखाली जाणार. न लावावा तर आपणच आपल्याला नोटीस दिल्यासारखं. इंजिनिअर मुलगा म्हणाला, सगळं कुंड्यांत, गोणीत लावा, उचलून गच्चीवर नेता येईल. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. गच्चीवर प्रत्येकाची वेगळी पाण्याची टाकी असते.

आजींनी लसणाचे गड्डे आणलेच होते, गावाकडचे, बारीक पाकळीचे. तात्यांनी मसुरीसाठी वाफा भुसभुशीत करून ठेवला होता. मसूर पण साडेतीन महिन्यांचीच की, असं कुणी तरी म्हणालं, तर त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि बी टाकून वरून कुळव फिरवावा तसा हात फिरवला. मग सगळेच लागले. लसूण चार बोटांच्या अंतरावर, मधल्या ओळीत मेथी, म्हणजे निदान भाजी तरी पदरात पडेल. अक्कांनी माझ्या ओळी वाकड्या गेल्याचं सांगितलं. वाकड्या होत्याच.

जीवामृत परवा घालायचं आहे. एकराला २०० लिटर लागतं, म्हणजे चार गुंठ्यांना एक वीस लिटरची बादली: किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, पाव किलोला थोडा कमी गूळ, तेवढंच बेसन, मूठभर बांधावरची माती, सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं. शेण आणायची पाळी खजिनदारकाकांची आहे आणि त्यांनी पाळी बदलून मागितली आहे. ती कुणी घ्यायची यावर सभा रविवारी, सकाळी, विहिरीपाशी. चहा ज्याचा त्याने आणायचा.